नाक वगळून माप

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बिस्किटाचं माप घेत होते. शिरूरला मिशन कंपाउंडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत टेबलावर चहाचा कप, बशीत बिस्किटं, आणि मामा त्यातलं एक जाडी मोजायच्या व्हर्निअरच्या जबड्यांत धरून चष्म्याच्या वरून त्याच्याकडे रोखून बघत होते. मला वाटलं काहीतरी प्रयोग चाललाय. प्रयोग वगैरे काही नव्हता. त्यांना चहा प्यायचा होता.

"बारीक झालं," मामा म्हणाले. "पुडा त्योच, चित्र त्येच, बिस्कीट तेवढं बारीक केलं. कुणाला कळायचं न्हाई असं वाटलं त्यांना."

पुराव्यासाठी जुन्या पुड्यातलं एक बिस्कीट त्यांनी डबीत घालून ठेवलं होतं. पुढे तो पुरावा मुंग्यांनी खाल्ला आणि एका बलाढ्य कंपनीविरुद्धचा मामांचा लढा तिथंच संपला.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. रांजणगावच्या एका कारखान्यात उभा जन्म त्यांनी क्वालिटी खात्यात काढला. तयार झालेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणायचं, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना सोडलं, पण त्यांनी क्वालिटी सोडली नाही. एका रविवारी उपासना संपल्यावर ते खिशातून पाणसळ काढून व्यासपीठावर ठेवून आले आणि व्यासपीठ एका बाजूला कलतंय असं पाळकांना सांगितलं. पाळक भला माणूस. पण त्यानंतर कितीतरी दिवस ते प्रवचन देताना जरा डावीकडे झुकून उभे राहत, असं मामी हसत हसत सांगायच्या.

मामांचे कपडे मात्र साधे. पांढरा शर्ट, खिशात व्हर्निअर, आणि घड्याळ उजव्या मनगटावर, तेही तबकडी आत करून. इतक्या तऱ्हा असलेल्या माणसाचं घड्याळ कुठल्या मनगटावर आहे याचा विचार कोण करतं? मीही केला नाही.

मी लग्नाचे फोटो काढते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बायका मला मुद्दाम बोलावतात, कारण हळदीच्या खोलीत, मेंदीच्या घोळक्यात बाईमाणूस असलं की त्यांना बरं वाटतं. धंदा चांगला चालला होता. मग कोरेगाव भीमाजवळ हायवेवर वाळूवरून माझी स्कूटी घसरली आणि उजवा हात हँडलखाली सापडला. प्लास्टर निघालं तेव्हा अंगठ्याशेजारची दोन बोटं लाकडासारखी ताठ. डॉक्टरांनी दाबायला स्पंजचा बॉल दिला. दाबून दाबून मी इतकी कंटाळले की आठवड्याभरात तो बॉल शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. निदान त्याच्या जबड्याला तरी व्यायाम झाला.

आता कॅमेरा कुठल्याही कंपनीचा घ्या, पकडायची मूठ उजवीकडे आणि दाबायचं बटणही उजवीकडे. डावखुऱ्यांनी फोटो काढूच नयेत असं सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवल्यासारखं. माझा नवरा रांजणगावला शिफ्टमध्ये कामाला आहे. माणूस वाईट नाही, पण हिशेबी आहे.

"कॅमेरा पडून हाय, त्यापरीस माझ्या मावसभावाला देऊ," तो म्हणाला. "त्याला पायजेच हाय. तू पार्लर टाक."

"पार्लरला काय पायानं भुवया कोरू?" मी म्हणाले.

मावसभाऊ त्याच संध्याकाळी घरी आला आणि कॅमेऱ्याबरोबर बॅगपण मिळणार का, असं विचारून गेला. अपघाताआधी मी यवतचं एक लग्न घेतलं होतं. एवढं लग्न कुणाच्या मदतीशिवाय नीट काढलंस तर कॅमेरा तुझा, नाही तर मावसभावाचा, असं आमच्यात ठरलं. कॅमेरा गेला असता तर मी परत घेऊ शकले नसते, हे दोघांनाही माहीत होतं. मला तर रात्ररात्र झोप लागेना.

अशा वेळी नवऱ्याच्याच कारखान्यातल्या कुणीतरी मामांचं नाव सांगितलं. मला हवी होती एक चौकट. कॅमेऱ्याला खालून आणि बाजूनं घट्ट कवटाळणारी, डावीकडे लाकडी मूठ असलेली, आणि त्या मुठीवर वायरनं जोडलेलं बटण असलेली. बाजारात अशी चौकट नव्हती. बिस्किटाचा निकाल लागल्यावर मी मामांना सगळं सांगितलं.

"जमंल," मामा म्हणाले. "कॅमेऱ्याचं माप आणलंस?"

मी मोबाइलवर कंपनीचं पान उघडून दाखवलं. लांबी, रुंदी, जाडी, सगळं छापलेलं होतं. मामांनी मोबाइल नाकाला लावून ते वाचलं, आणि खालची बारीक अक्षरातली ओळ वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही.

"हे बघ काय लिवलंय. बाहेर आलेले भाग वगळून." त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड केलं. "अगं ऐकलंस का? बटणं वगळली, चकत्या वगळल्या, पट्ट्याची कडी वगळली. नाक वगळून तोंडाचं माप दिलंय. आन् आपल्याला करायचीय नथ!"

त्या दिवसापासून माझा कॅमेरा मामांच्या घरी मुक्कामाला गेला.

आधी त्यांनी कंपनीला ईमेल धाडला. मजकूर त्यांचा, इंग्रजी त्यांच्या लेकीचं, टायपिंग माझं. कॅमेऱ्याचं पूर्ण ड्रॉइंग पाठवावं, अशी विनंती. उत्तर आलं की आपल्या समाधानातच आमचा आनंद आहे, कृपया जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या. मामांनी ते दोनदा वाचलं. "ह्यांनी आपल्या कॅमेऱ्याचं माप स्वतः कवा घेतलंच न्हाई," असा निष्कर्ष काढला आणि मोबाइल मला परत दिला. मग इंटरनेटवर कुणा परदेशी माणसानं बनवलेला त्या कॅमेऱ्याचा त्रिमितीतला आराखडा मिळाला. रांजणगावच्या एका ओळखीच्या शेडमध्ये मामांनी तो प्लॅस्टिकमध्ये छापून आणला. माझ्या कॅमेऱ्याशेजारी ठेवला तर पट्ट्याची कडी नको तिथं. त्या परदेशी माणसाचं नावगाव माहीत नव्हतं, तरी मामा त्याच्यावर बरेच दिवस रागावून होते.

कॅमेऱ्याच्या मुठीचा बाक काही केल्या व्हर्निअरमध्ये सापडेना, तेव्हा मामांनी मामींकडे कणीक मागितली. कॅमेरा पातळ पिशवीत गुंडाळून त्यांनी तो कणकेत दाबला आणि ठसा वाळत ठेवला.

"पोळ्यांचं पीठ हाय ते," मामी म्हणाल्या. "जेवायला काय कॅमेरा वाढू?"

दुसऱ्या दिवशी ठसा आकसला होता. मामांनी दोष स्वतःला दिला नाही, गव्हाला दिला. "लोकवन आकसतो," ते म्हणाले. त्या मुठीवरच्या रबराशी तर त्यांचं भांडणच लागलं. जन्म लोखंडात गेलेला माणूस. व्हर्निअर आवळला की रबर आत जायचं आणि सोडला की बाहेर यायचं, दर वेळी वेगळा आकडा. "रबराला माप नसतंय," ते वैतागून म्हणायचे, "रबराला स्वभाव असतोय."

आणि मग आला तो नियम, ज्यानं माझा जीव नकोसा केला.

"एकट्याचं रीडिंग म्हंजी मत," मामा म्हणाले. "दोघांचं जुळलं तर माप. क्वालिटीतली रीतच हाय ती. एक रीडिंग मी घेणार, एक तू. मी घेताना तू दाराकडं तोंड करायचं, तू घेताना मी. एकाचं बघून दुसऱ्यानं घ्यायचं न्हाई. आन् आकडा हिच्या कानात सांगायचा, ती लिवंल."

मामी खडू घेऊन लोखंडी कपाटाच्या दारावर आकडे लिहायच्या. मामांचा आकडा एका दारावर, माझा दुसऱ्या दारावर. जुळले नाहीत की पुसायचं आणि पुन्हा.

रीडिंग घ्यायचं मायक्रोमीटरनं. लोखंडी कमान, आणि तिच्या टोकाला दोन-तीन बोटांनी फिरवायची बारीक दांडी. दांडी फिरवत नेली की वस्तूला टेकल्यावर कटकट वाजते आणि मग आकडा वाचायचा. कमान डाव्या हातात, दांडी उजव्या. मी म्हटलं, मामा, माझी उजवी बोटं चालत नाहीत, मी डाव्यानं फिरवते.

"डाव्या हाताचं रीडिंग मी घेत न्हाई."

"अहो पण मामा, चौकट डाव्या हाताची करायचीय ना?"

"चौकट कुणाच्या का हाताची असंना. रीडिंग उजव्याचंच."

पहिल्या दिवशी ती दांडी माझ्या बोटांतून इतक्या वेळा सुटली की मला रडू आलं. मी खरोखर रडले, अंगठ्यानं डोळे पुसत. मामी आतून तरातरा बाहेर आल्या. "काय वो, लेकरू रडतंय, दिसत न्हाई व्हय तुम्हाला? घ्या की डाव्याचं. काय आभाळ कोसळणार हाय?"

"रडून झालं की घे रीडिंग," मामा दाराकडे तोंड करून म्हणाले.

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. एकदा त्यांची पाठ माझ्याकडे असताना मी गुपचूप डाव्या हातानं दांडी फिरवली. कटकट वाजली. मामा मागे न वळताच म्हणाले, "डाव्यानं फिरवलंस. आवाज येगळा येतो. पूस गं ते."

हे असं महिनोन्‌महिने चाललं. आठवड्यातून दोन-तीन दुपारी. कॅमेऱ्याची एकेक कडा, एकेक बटण, एकेक चकती. परवाचं माप आज जुळायचं नाही, मग धातू उन्हानं फुगतो की काय यावर व्याख्यान. घरी मला हळूहळू कणीक मळता यायला लागली, पोराच्या शाळेच्या शर्टाची बटणं लावता यायला लागली. पण कणकेचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध, असं मला वाटायचं. कॅमेरा उजव्या हातात धरून बघायची हिंमत मी केली नाही. अपघातानंतर एकदा तो हातातून निसटून पलंगावर पडला होता. ती भीती मनात घर करून बसली होती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मामांनी चौकट 'रिलीज' केली. अॅल्युमिनियमची, कडा गोल घासलेल्या, सागवानी मूठ. कॅमेऱ्यावर चढवली तर मधे कागद सरकणार नाही अशी घट्ट. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले. त्यांनी दोन स्क्रू आवळले आणि दोन्हींवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला.

"हा ठिपका म्हंजी क्वालिटीची सही," ते म्हणाले. "ठिपका मोडला तर पार्टची जबाबदारी माझी न्हाई. आन् उद्या मी येणार. ट्रायल बघितल्याबगार मी पार्ट सोडत न्हाई."

यवतच्या मंगल कार्यालयात मामा टाय लावून आले. वऱ्हाडातल्या लोकांना ते नवऱ्या मुलाच्या कंपनीतले साहेब वाटले आणि त्यांना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवून मानाचा फेटा बांधला गेला. मामांनी काही विरोध केला नाही, फक्त फेटा घट्ट आहे का ते बोट घालून तपासलं.

सकाळची हळद झाली, देवक झालं, सगळं डाव्या हातानं झालं. चौकट झकास चालत होती. नवरानवरी अंतरपाटाआड उभी राहिली, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

बॅटरी संपणं ही काही मोठी गोष्ट नाही. कमरेच्या पाकिटात दुसरी असतेच. मी दार उघडायला कॅमेरा उलटा केला. बॅटरीचं दार खाली असतं. मामांची चौकट त्या दाराला अशी घट्ट बिलगली होती की दार केसभरही उघडेना. मामांनी बंद दाराचं माप घेतलं होतं, दोघांची रीडिंग जुळवून घेतलं होतं. दार उघडतं, हे माप मात्र कुणीच घेतलं नव्हतं.

मी मामांकडे बघितलं. फेटा सावरत ते स्टेजच्या कडेला धावत आले. खाली गुडघ्यावर बसले, खिशातून स्क्रू सोडवायची अॅलन की काढली, आणि क्षणभर थांबले. त्यांच्या डोळ्यांसमोर ते दोन पिवळे ठिपके होते. मग त्यांनी स्वतःच्या हातानं ते मोडले.

चौकट निघाली, दार उघडलं, बॅटरी बसली. मामा चौकट परत चढवायला लागले तर एक स्क्रू निसटून खाली सांडलेल्या अक्षतांत गेला. मामा गालिच्यावर अक्षता चाळत होते, भटजी शेवटच्या 'सावधान'ला आले होते, करवल्यांनी अंतरपाटाची टोकं हातात घेतली होती. मी कॅमेरा उचलला.

अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, हार पडले, नवरी हसली, तिची आई रडली. सगळं मी काढलं. वाजंत्री थांबली तेव्हा मला कळलं की कॅमेरा माझ्या उजव्या हातात आहे. दोन्ही बोटं ठणकत होती, पण वाकली होती. मी तिथंच, भर मांडवात, नवरीच्या आईच्या बरोबरीनं रडून घेतलं. लोकांना वाटलं, फोटोवाली फार हळवी आहे.

परत येताना गाडीत मामा बोलेनात. चौफुला गेलं, न्हावरा आलं, उसाचे ट्रॅक्टर मागे टाकले, तरी एक शब्द नाही. मांडीवर चौकट. मग एकदम म्हणाले, "दार."

"असू द्या हो मामा. फोटो झाले की. हातानं झाले! माझा हात चालला!"

"हाताचं ड्रॉइंग माझ्याकडं न्हवतं," मामा म्हणाले. "त्याच्यावर मी बोलणार न्हाई. पार्ट रिजेक्ट."

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं. "कंपनीनं नाक सोडलं म्हणून किती नावं ठेवली," त्या म्हणाल्या, "आन् तुम्ही आख्खं दार सोडलं." मामांनी त्या रात्री जेवताना दुसरी पोळी घेतली नाही म्हणे.

नवऱ्यानं फोटो बघितले. मग बाहेर गेला. फोनवर मावसभावाला सांगताना मी ऐकलं, "न्हाई रे, बॅगपण न्हाई मिळायची." डॉक्टरांनी बोटं वाकवून बघितली आणि हा व्यायाम कुणी दिला म्हणून कौतुकानं विचारलं. मी ते मामांना सांगितलं तर ते चिडले. "मी व्यायाम देत न्हाई. मी माप घेतो. तुझं डॉक्टर कायबी बोलतंय." मला ते खरंच वाटलं. या माणसाला मोजण्यापलीकडे काही सुचत असेल, असं कुणालाही वाटलं नसतं.

मग अल्बमसाठी फोटो निवडत बसले असताना एक फोटो समोर आला. अक्षता पडत असताना मी कॅमेरा पाहुण्यांकडे फिरवला होता. सगळे हात वर, सगळे चेहरे स्टेजकडे. कोपऱ्यात एकच माणूस भलतीकडे बघत होता. फेटा घातलेले मामा. स्क्रू शोधायचं सोडून चौकट त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टेकवली होती आणि डोक्यावर अक्षता पडत असताना ते बरोबर आणलेल्या मायक्रोमीटरनं तिची जाडी मोजत होते. मला हसू आलं. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि हसू थांबलं.

कमान उजव्या हातात होती. दांडी डाव्या हातानं फिरवत होते. माणूस घाईगर्दीत, कुणी बघत नसताना जसा वागतो, तसे. उजव्या मनगटावरचं घड्याळ स्पष्ट दिसत होतं.

मामा डावखुरे होते. जेवायचे उजव्या हातानं, ते काय, सगळ्याच पोरांना थोरले लोक दटावून उजव्या हातानं जेवायला लावतात. पण मायक्रोमीटर ते जन्मभर डाव्या हातानं फिरवत आले होते. ते रीडिंग घेताना मी दाराकडे तोंड करून उभी असायचे, म्हणून मला कधी दिसलं नाही. डाव्या हाताचं रीडिंग घेत नाही, हा नियम त्यांच्या कारखान्याचा नव्हता, क्वालिटीचा नव्हता आणि त्यांचाही नव्हता. तो त्यांनी फक्त माझ्यासाठी काढला होता. मी खुर्चीत बसून राहिले. ज्या माणसाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या, त्याच्यासाठी माझा जीव कळवळला.

मामा आता लेकीकडे नाशिकला असतात. तिच्या नव्या फ्लॅटच्या कुठल्या चौकटी किती वाकड्या आहेत, ते मला व्हॉट्सअॅपवर कळवतात. पण तेव्हा ते इथंच होते. रविवारी उपासनेनंतर मी तो फोटो छापून घेऊन गेले आणि त्यांच्या हातात दिला. मामीही खांद्यावरून वाकल्या.

मामांनी फोटो जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा धरला.  मग त्यांनी फोटो टेबलावर ठेवला.

"फोटो उलटा छापलाय," मामा म्हणाले. "डाव्याचं उजवं झालंय. बघून छापत जा पोरी."

फोटोत त्यांच्या मागेच भिंतीवर पाटी होती. 'भोजनकक्ष'. अक्षरं सरळ, कुणालाही वाचता येतील अशी. मी पाटीकडे बघितलं, मामींनी बघितलं, आणि मामांनीही बघितलं.

"व्हय मामा," मी म्हणाले, "उलटाच छापला गेलाय."